लोण्याने नापास झालेली मोटारसायकल

माझी मोटारसायकल आयुष्यातल्या पहिल्याच तांत्रिक तपासणीत नापास झाली आणि तपासणीच्या कागदावर 'दोषाचे स्वरूप' या रकान्यात स्वच्छ अक्षरांत 'लोणी' असे लिहिलेले आहे. तो कागद मी जपून ठेवला आहे. (मी पवनीच्या महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. कागद जपणे ही एकच कला मला निश्चितपणे येते.)

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत आसगाव ते पवनी हा माझा प्रवास सायकलने किंवा एसटीने झाला. त्यानंतर मी मोटारसायकल शिकलो, आणि ज्या वयात माणसे गुडघे जपू लागतात त्या वयात दोनशे सीसीची एक वापरलेली, पुढे झुकून बसावी लागणारी गाडी घेतली. का घेतली, हे कोणी विचारले की मी मायलेजविषयी बोलत असे. खरे कारण सांगण्यासाठी लागणारे धैर्य माझ्याजवळ नव्हते. ते आज सांगतो, कारण बाबांना जाऊन आता दोन वर्षे होतील.

बाबा पटाचे. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. सरळ वाट, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत आणि मधून डोळ्याचे पाते लवण्याआधी निघून गेलेली जोडी. पंचक्रोशीत बाबांच्या जोडीचे नाव होते. त्यांच्या मुलाचेही नाव होते, पण ते शाळेच्या निकालात. मी अकरा वर्षांचा असताना त्यांनी मला एकदा छकड्यावर बसवले. बैल हलण्यापूर्वीच मी रडू लागलो. बाबांनी मला उचलून खाली ठेवले, माझ्या चड्डीवरची धूळ झटकली आणि पुढे आयुष्यात कधीही 'बसतो का' असे विचारले नाही. ते रागावले असते तर मी विसरलो असतो. त्यांनी धूळ झटकली, ते मात्र माझ्या लक्षात राहिले.

म्हणून नागपूरच्या पलीकडे नवशिक्यांसाठी 'ट्रॅक डे' भरणार आहे, हे वाचल्यावर मी अर्ज भरला. बाबांनी मला एकदा, फक्त एकदा, धावताना पाहावे, इतकीच इच्छा होती. ते तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. फार थांबण्यात अर्थ नव्हता.

"बंद वाटेवर मोटारसायकल चालवायची, बाबा. समोरून कोणी येत नाही," मी त्यांना समजावले.

"मंग पटच हाये ना."

"पट नाही. शर्यत नसते. फक्त सराव."

"कोनी जितत नाई?"

"नाही."

"हारत बी नाई?"

"नाही."

बाबांनी दुपट्टा खांद्यावर टाकला. "मंग तुले जमन."

आयोजकांनी तयारीची सतरा कलमी यादी पाठवली होती. मी ती टंकलिखित करून घेतली, प्रत्येक कलमापुढे चौकोन आखला आणि तीन आठवडे अंगणात त्या चौकोनांची पूजा मांडली. इंजिन ऑइल बदलले. टायरची हवा मोजली, पुन्हा मोजली आणि मोजताना जी निघून गेली ती पुन्हा भरली. प्रत्येक नट कसून त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. साखळी किती ढिली असावी हे पुस्तकात मिलिमीटरमध्ये दिले होते, म्हणून कंपासपेटीतली पट्टी घेऊन मी एक अख्खा रविवार जमिनीवर आडवा पडून काढला. दुसऱ्या दिवशी पवनीचे मेकॅनिक शालिकभाऊ यांनी साखळीला एका बोटाने हात लावला.

"सर, पुस्तक वाचून कसली का?"

"हो. पृष्ठ एक्केचाळीस."

"सतारीवानी वाजून राहिली. आता ढिली करतो. तुमी तिकडं पाहा, जीव दुखन तुमचा."

मी तिकडे पाहिले.

बाबा हे सारे ओट्यावर बसून पाहत असत. पट बंद पडले तेव्हा त्यांनी शेवटची जोडी विकली होती आणि तेव्हापासून ओट्यावर बसून पाहण्यासारखे घरात काही घडलेच नव्हते. मी आरसे काढले, तेव्हा ते बसल्या जागेवरून पाहत राहिले. यादीतील अकराव्या कलमाप्रमाणे हेडलाइटवर चिकटपट्टी लावू लागलो, तेव्हा मात्र उठून जवळ आले.

"डोऱ्याले पट्टी कायले बांधून राहिला?"

"पडलो तर काच वाटेवर सांडू नये म्हणून."

"म्हंजे पडाचं ठरलं हाये?"

"नियम आहे, बाबा."

ते गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून आले. जनावर विकत घेताना घालतात तशी, हात मागे बांधून. मग त्यांनी असा एक प्रश्न विचारला, ज्याची वाट मी बहुधा पस्तीस वर्षे पाहत होतो. बाबा मला काही विचारत होते!

"धावताना हिच्यात सर्व्यात जास्त जोर कुठी पडते?"

माझ्यातला ग्रंथपाल जागा झाला. खाली बसून मी त्यांना पुढच्या चाकालगतची लोखंडी चकती दाखवली. वळणाआधी वेग कमी करताना गाडीचा सारा भार पुढे कसा येतो, दोन बाजूंचे ब्रेकपॅड ही चकती कशी घट्ट धरतात, तिच्यावर किती ताण येतो, हे मी जवळजवळ वीस मिनिटे सांगितले. शेवटी तर टिचकी मारून म्हणालो, "थोडक्यात, सगळा जोर इथे." बाबांनी मान डोलावली. इतका समाधानी श्रोता मला महाविद्यालयात कधी लाभला नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी सतरावा चौकोन भरला, गाडीवर चादर घातली आणि रजेचा अर्ज द्यायला पवनीला गेलो. परत आलो तो दिवेलागणीला. बाबा प्रसन्न होते. माझी पत्नी ज्योत्स्ना रवी धुऊन ठेवत होती. अंगणात पळसाची दोन-तीन पाने पडलेली होती, ती मी नीटनेटकेपणाच्या सवयीने उचलून टाकली. संकटाचा पुरावा आपल्या हाताने झाडून काढणारा माझ्यासारखा दुसरा मनुष्य जिल्ह्यात नसेल.

सकाळी चौघांनी गाडी उचलून पिकअपमध्ये ठेवली आणि दोरांनी बांधली. त्यामुळे ब्रेक दाबण्याचा प्रसंग आला नाही. बाबा धुतलेले धोतर नेसून आणि खांद्यावर दुपट्टा टाकून चालकाशेजारी बसले. त्यांच्या शेजारी पुऱ्यांचा डबा घेऊन ज्योत्स्ना बसली. मी मागे गाडीपाशी. वाटभर मला साजूक असा एक वास येत होता. तो मी पुऱ्यांचा समजलो.

ट्रॅकवर तपासणीसाठी एक बाई होत्या; चाळिशीच्या, हातात ग्रीसचे डाग आणि बोलणे नागपुरी. मी भाड्याच्या चामडी पोशाखात शिरलो होतो. तो पोशाख कोणा वेगळ्या आकाराच्या माणसासाठी शिवलेला होता आणि त्यात मला फक्त काटकोनात वाकता येत होते. ज्योत्स्नाने मला दोनदा पाहिले आणि तोंडावर पदर धरला. मी बाईंच्या हाती सतरा चौकोनांचा कागद दिला. त्यांनी कौतुकाने पाहिले आणि कबूल केले की अशी यादी त्यांच्यापाशी आजवर कोणी आणली नव्हती. मी लाजलो. माझ्या सार्वजनिक जीवनातला तो सर्वोच्च क्षण होता आणि तो सुमारे एक मिनिट टिकला.

"पुढचा ब्रेक दाबून धरा सर. मी मागून ढकलते."

मी ब्रेक दाबला. त्यांनी ढकलले. गाडी पुढे निघाली.

"दाबा ना सर."

"दाबला आहे."

"अजून जोरानं दाबा."

"मॅडम, याहून अधिक जोर माझ्यात नाही."

गाडी मला घेऊन संथपणे, एखाद्या पालखीसारखी, उतारावरून पुढे चालली. मी दोन्ही हातांनी ब्रेक दाबला; पायाशी मागचा ब्रेक असतो, हे त्या क्षणी आठवलेच नाही. ती थांबली नाही. समोर नावनोंदणीचे टेबल होते. टेबलाने तिला थांबवले. त्यावरचा चहा त्या दिवशीच्या सर्व सहभागींच्या नावांवरून वाहत गेला आणि वेगवेगळ्या गावांतून आलेली तीसेक माणसे माझ्याकडे पाहू लागली. (लाजाळू माणसाला हे कसे वाटते ते लाजाळू माणसालाच समजेल, तोही ते कोणाला सांगणार नाही.)

बाईंनी वाकून चकतीवरून बोट फिरवले. बोट पिवळे झाले. त्यांनी ते हुंगले.

"सर, हे लोनी आहे का?"

मी यादी आठवून पाहिली; तीत लोणी नव्हते. तेवढ्यात मागून दुपट्टा सावरत बाबा पुढे आले.

"गाईचं हाये. घरचं," ते अभिमानाने म्हणाले. "हरद बी घरची."

मग उलगडा झाला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळून पळसाच्या पानांनी शेकतात. वर्षभर जू वाहणाऱ्या खांद्याचा तो मान. बाबा पटाच्या आदल्या संध्याकाळीही आपल्या जोडीचे खांदे असेच शेकत. गाडीला खांदा कुठे असतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. पण सगळा जोर कुठे पडतो, हे एका सुशिक्षित माणसाने त्यांना वीस मिनिटे समजावून सांगितले होते.

"मामाजीनं लोन्याचा गोरा मांगला," ज्योत्स्ना सासऱ्यांकडे पाहत हळूच म्हणाली. "मले वाटलं, भाकरीवर पायजे."

"चकती पुसून होन साफ," बाई म्हणाल्या, "पन पॅडनं लोनी पिऊन टाकलं. असं कसं सोडू मी तुमाले ट्रॅकवर? दुपारी चारले शेवटचा गट जाते. तोपर्यंत नवे पॅड लावून आना, नाई तं घरी जा." त्यांनी कागदावर लिहिले. मग बाबांकडे पाहून त्यांचा आवाज खाली आला. "बाबाजी, माह्या आजोबाच्या घरी बी खांद शेकत, लाखांदूरले. पन गाडीचा खांदा तिथं नसते."

"मंग कुठी असते?"

बाईंनी गाडीकडे नीट पाहिले. "कंपनीनं दिलाच नाई वाटते."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते पत्र्याच्या सावलीत जाऊन बसले. दुपट्टा मांडीवर घेऊन त्याच्या टोकाला गाठ मारू लागले आणि सोडू लागले. मी समोर उभा राहिलो. काही बोलावे असे वाटले, पण आमच्या दोघांत बोलण्याची वहिवाट नव्हती.

"म्या बिघडवलं," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "तुह्या हातचं सारं बेस होतं."

एखाद्या चांगल्या मुलाने या वेळी काही हृद्य उद्गार काढले असते. मला सुचले ते असे: "बाबा, चाक धराल का? मला या पोशाखात वाकता येत नाही."

ते उठले. माझ्याच बनावटीची गाडी असलेल्या भंडाऱ्याच्या एका सद्गृहस्थाने आपल्या हत्यारपेटीतून पॅडची नवी जोडी काढून दिली. बाबांनी चाक धरले, मी काटकोनात वाकून बोल्ट खोलले. चकती स्पिरिटने पुसली, पुन्हा पुसली. बाबा प्रत्येक वेळी बोट लावून हुंगत आणि म्हणत, "हाये अजून. तुह्या बायकोचं लोनी चांगलं हाये." बैलांची तयारी चाले तेव्हा ते मला 'दोर धर' म्हणत आणि मी पुस्तक घेऊन माडीवर पळत असे. त्या दुपारी अडीच तास आम्ही दोघे एका चाकाला धरून बसलो होतो. खरे सांगायचे तर ते आणखी थोडे खराब असते तरी चालले असते.

चारला दहा मिनिटे असताना बाईंनी पुन्हा गाडी ढकलली. ती तसूभर हलली नाही. मी मात्र हललो. "जा सर," त्या म्हणाल्या. "आणि श्वास घेत जा अधूनमधून."

मी पंधरा मिनिटे ट्रॅकवर होतो. पहिल्या वळणावर मला सगळ्यांनी मागे टाकले. दुसऱ्या फेरीत त्यांनीच पुन्हा टाकले. प्रत्येक कोपऱ्यावर एक गृहस्थ निळा झेंडा हलवत होता. मला वाटले, प्रोत्साहन देत आहे, म्हणून मी दर खेपेस मान लववून आभार मानत गेलो. (मागून वेगवान गाडी येत आहे, वाट द्या, असा त्याचा अर्थ. तो यादीत होता. अठराव्या कलमात, पाठीमागच्या पानावर, जे मी उलटून पाहिलेच नव्हते.) सरळ वाटेवर एकदा, एकदाच, मी चौथा गिअर टाकला. कुंपणाशी बाबा उभे दिसले. ते ओरडत नव्हते, हातही हलवत नव्हते. दुपट्टा डोक्याला गुंडाळून, मान वळवत वळवत, फक्त पाहत होते.

उतरलो तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, झेंडेवाल्याचा हात दुखून राहिला तुमच्यापायी." मी क्षमा मागितली आणि खाली मान घालून बाबांकडे गेलो. पटाच्या वाटेवर आयुष्य घालवलेल्या माणसाला आपण काय दाखवले, हे मला कळत होते.

बाबांनी माझ्या गुडघ्यावरची धूळ झटकली.

"बाकीचे आले का गेले, काई दिसलंच नाई," ते म्हणाले. "कोन कोनाचा पोरगा, समजलं नाई मले. तू मातर पोटभर दिसला."

त्या दिवशीची सर्वांत संथ फेरी माझ्या नावावर आहे. ती मी केवळ वडिलांच्या सोयीसाठी मारली, असे मी हल्ली पाहुण्यांना सांगतो. ते खोडून काढायला आता बाबा नाहीत. पण ज्योत्स्ना आहे, आणि ती चहा घेऊन नेमकी त्याच वाक्याला बाहेर येते.