आत्याबाईंचं तरुणपण

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते फायलींसारखे आपोआप साचतात. आमच्या बियाण्यांच्या ऑफिसचे किस्से मात्र एका टीव्हीपासून सुरू होतात, आणि तो टीव्ही माझा होता. नागपुरात जरीपटक्यातल्या आमच्या बारा क्वार्टर्समध्ये पहिला. ब्लॅक अँड व्हाइट.

दर गुरुवारी संध्याकाळी अख्खी लाइन माझ्याकडे सिरियल पाहायला यायची. त्यातल्या खाष्ट आत्याबाईंनी सुनेला झापलं की बायका तोंडाला पदर लावायच्या. कोणी कुठं बसायचं हे मी ठरवायचो. एकदा आमचा क्लार्क ढोमणे दारातच ताटकळला. "साहेब, मले जागा नाही का?"

"उभ्यानं जास्त चांगलं दिसते," मी म्हटलं.

* * *

ती सिरियल संपली आणि वर्षभरात दुसरी आली, त्याच आत्याबाईंच्या तरुणपणाची. नेमका त्याच आठवड्यात ढोमण्यानं कलर टीव्ही आणला. माझा ज्युनिअर!

पहिल्या गुरुवारी मी सतरंजी अंथरून, माठ भरून बसलो. कुहीहून आलेले मामा तेवढे होते, तेही मुक्कामालाच होते म्हणून. जळून खाक झालो, खोटं कशाला बोलू?

* * *

पुढच्या गुरुवारी बायको चपला घालत होती. "तुम्ही येता का?"

"मी घरीच पाहीन."

"पाहा मग. रंग सोडले तर बाकी सारं तेच आहे."

* * *

मग मी ऑफिसात दोन्ही सिरियलींची तुलना मांडली. "आत्याबाई खाष्ट काहून, हे कळायलेच नको होतं. कळल्यावर तिचा राग कसा येईल?"

टायपिस्ट सुशीलाबाई म्हणाल्या, "मले तर आता जुन्या आत्याचीबी दया येते."

हे फारच झालं. माझ्या घरी पाहिलेली आत्यासुद्धा ढोमण्यानं नेली.

* * *

ढोमण्याच्या खिडकीखाली शेवंतीचा वाफा होता. दर शुक्रवारी तो कुरकुरायचा, "साहेब, कोणतं जनावर माही शेवंती तुडवून राहिलं, काही समजत नाही."

"गाय असंल," मी फाईलमधून मान वर न करता म्हणायचो.

* * *

एका शुक्रवारी चहाच्या वेळी वाद पुन्हा पेटला. ढोमणे म्हणाला, जुनीपेक्षा नवीच बरी. मी टेबलावर हात आपटला. "अरे, आपली आत्याबाई किती साधी! ही नवी काल नेसली तसं पोपटी लुगडं ते नेसंल का? अन् वरून लाल ब्लाउज?"

सुशीलाबाईंनी हळूच विचारलं, "साहेब, तुमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट आहे नं?"

ढोमण्यानं किटली उचलून माझा कप पुन्हा भरला.

"येत्या गुरुवारी," तो म्हणाला, "गायीसाठी आत खुर्ची ठेवतो."