शांतवन मास्तरांचा गुलाबी रविवार

शांतवन मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे. नेवासे तालुक्यातल्या त्या आडगावात फादर महिन्यातून एकदा सायकलवरून येत, बाकीच्या रविवारी प्रार्थना मास्तरच चालवत. उपासाचे चाळीस दिवस लागले की मास्तरांचा पारा चढलाच म्हणून समजा! ईस्टरपर्यंत गोडधोड बंद, लग्न बंद, करमणुकीला तर गावाची वेसही ओलांडायची नाही. माणूस वाईट नव्हता हो, पण नियम म्हटला की बायकोचंसुद्धा ऐकायचा नाही.

एकोणीसशे बेचाळीस साली त्यांनी दानीएलला धरला. दानीएल ढोलकी वाजवायचा, आणि काय वाजवायचा! उपासाच्या दिवसांत एका रविवारी तो शेजारगावी कुस्त्या बघून आला. मास्तरांनी त्याला भर देवळात उभं केलं आणि ढोलकी काढून घेतली. ईस्टरची भजनं त्या वर्षी नुसत्या टाळांवर झाली. दानीएल तेव्हापासून मागं दाराशी बसायचा आणि मास्तरांशी बोलायचा नाही.

मास्तरांच्या बायकोचं नाव फिलोमिना. बाईला फुलांचं भारी वेड. सांडपाण्यावर तिनं परसात झेंडू, मोगरा, शेवंती जगवली होती. वेदीवरची फुलं वीस वर्षं तिच्याच घरची. चाळीस साली मास्तर ईस्टरनंतरच्या आठवड्यात पुण्याला गेले आणि एका रस्त्यावर थबकलेच. दोन्हीकडं झाडं, पान एक नाही, सगळी गुलाबी! सोबतचे फादर म्हणाले, "आमच्या देशात चेरी अशीच फुलते." घरी येऊन मास्तरांनी ते बायकोला सांगितलं आणि स्वतःच्या गळ्यात घोरपड बांधून घेतली. फिलोमिना आगगाडीत कधी बसली नव्हती. "मला दावा की ती चेरी," तिनं धरलं ते सोडलं नाही. एका वर्षी तिची आई आजारी, दुसऱ्या वर्षी शाळेची तपासणी. त्रेचाळीस साल उजाडलं तेव्हा मास्तरांनी बायबलवर हात ठेवून शब्द दिला, की यंदा ईस्टर झाला की मंगळवारी निघायचं.

मग काय विचारता! वांबोरी स्टेशनची गाडी किती वाजता, दौंडला बदलायची कुठं, दशम्या किती, सगळं कागदावर उतरलं. मास्तरांची बहीण लिडिया पुण्यात दवाखान्यात आया होती, तिला पत्र गेलं. फिलोमिनानं ठेवणीतलं लुगडं दोनदा धुऊन वाळवलं.

मार्चअखेर लिडियाचं उत्तर आलं. "दादा, झाडं भरात आहेत. फार तर पंधरा दिवस. वहिनीला लवकर आण."

मास्तरांनी भिंतीवरचं मिशनचं कॅलेंडर बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चाळीस साली ईस्टर मार्चमध्येच उरकला होता. यंदा पंचवीस एप्रिल! ईस्टर चंद्र बघून सरकतो, झाडाला त्याचं काय? जन्मभर ईस्टरची तारीख गावाला सांगणाऱ्या माणसानं फुलं ईस्टरला बांधून ठेवली होती. आता जायचं तर उपासातच जायला हवं, आणि तेही फुलं बघायला. दानीएल काय म्हणेल? सारं गाव काय म्हणेल?

रात्रभर तळमळून सकाळी त्यांनी पडक्या आवाजात बायकोला सांगितलं, "लिडिया आजारी आहे म्हणू आणि जाऊ."

फिलोमिना ताडकन म्हणाली, "फुलं बघाया खोटं बोलून जायचं? त्यापरीस मी न्हाई यायची."

तिचे डोळे भरले. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जरा वेळानं तिनं डोळे पुसले आणि एकदम म्हणाली, "अवं, पर मधला रविवार?"

"कसला मधला?"

"उपासात वेदीवर फुलं नस्त्यात. पर चौथ्या रविवारी तुमीच मागाया येता न्हवं? आनंदाचा रविवार म्हनून. फादर गुलाबी झगा घालत्यात त्या दिशी."

मास्तर उभ्या जागी खाली बसले. खरंच की! त्या एका रविवारी आनंदाला मोकळीक होती. चार एप्रिलला, अगदी भर फुलांत. शिवाय त्या रविवारी फादर स्वतःच येणार होते, प्रार्थनेची काळजी नव्हती. सुटलो रे देवा! त्यांना इतकं हायसं वाटलं की ते मोठ्यानं हसले.

फिलोमिना मात्र हसली नाही. "गेल्या साली त्या रविवारी बी मी फुलं दिल्ती. दानीएल कुस्त्यांना गेल्ता त्यो त्योच दिस."

मास्तरांचं हसू तोंडातच राहिलं. त्यांनी प्रार्थनांच्या नोंदींची जुनी वही काढून बघितलं. पंधरा मार्च, चौथा रविवार. बरोबर होतं.

उपासातल्या शुक्रवारच्या प्रार्थनेला मास्तर उभे राहिले. पुण्याचा बेत, खोटं बोलायचा विचार, गेल्या सालचा तो रविवार, सगळं त्यांनी सांगून टाकलं. "दानीएल, चूक माझी होती. माझ्या चुकीनं तुझा ईस्टर गेला. मला माफ कर." ढोलकी त्यांनी स्वतः त्याच्यापुढं नेऊन ठेवली.

दानीएलनं ढोलकीवरची धूळ बाहीनं पुसली. मग तो म्हणाला, "मास्तर, वांबोरीपातुर कशानं जानार?"

"चालत जाऊ."

"काकूला चालवता व्हय? गाडी जुपतो मी."

शनिवारी पहाटे वेदीची फुलं दानीएलच्या बायकोकडं देऊन फिलोमिना त्याच्या बैलगाडीत बसली. आगगाडी सैनिकांनी खच्चून भरली होती, दौंडपर्यंत उभंच राहावं लागलं, पण बाईची तक्रार नाही. रविवारी देवळातली मिस्साची उपासना झाल्यावर लिडिया त्यांना त्या रस्त्यावर घेऊन गेली. झाडं तशीच होती, वर गुलाबी आणि खाली सडा. फिलोमिना पायातल्या वहाणा काढून उभी राहिली. कितीतरी वेळ मान वर करून बघतच राहिली. मास्तर घाबरत म्हणाले, "उशीर केला ना मी?"

"न्हाई," ती म्हणाली. "जीव निवला माझा."

मग तिनं खाली बसून मूठभर फुलं वेचली आणि पदराला गाठ मारली. मास्तर म्हणाले, "अगं, वेदीवर ठेवायच्या आत सुकून जातील."

"वेदीला न्हाईत," फिलोमिना म्हणाली. "दानीएलला हायती."