भिंतीआडची पळी

सरावलीच्या आमच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडायची, हे ह्यांनी ठरवूनच टाकलं होतं. साहेबांच्या क्वार्टरमध्ये ह्यांनी बिनभिंतीचं स्वयंपाकघर पाहिलं होतं. "कसं मोकळं वाटतं!" म्हणायचे. मी नको नको करत राहिले, पण कारण विचारलं की भांडी घासायला घ्यायचे. सांगणार काय, कपाळ?

बोईसरच्या कारखान्यात चिकटायला गावाकडून सारखं कोणीतरी यायचं आणि आमच्याकडेच उतरायचं. पुरुष बाहेरच्या खोलीत जेवत. "लाजू नका, आत भरपूर आहे," असा ह्यांचा आग्रह. आमटी संपलेली असली तरी मी भिंतीआड रिकाम्या पातेल्यात पळी वाजवायचे, म्हणजे पाहुणा निर्धास्त जेवायचा. ते हात धुवायला उठले की मी उरलेली करपकी भाकरी मिठाशी खायचे. ही भिंत गेल्यावर मी तोंड कुठे लपवायचं?

गवंड्याने घण उचलला. "ताई, पाडायची हाय ना? मागून नाय म्हणू नका." त्याचे पाय धरायचेच काय ते बाकी होते. भिंत पडली.

त्याच आठवड्यात रविवारी दोन चुलतदीर आले. "लाजू नका, आत भरपूर आहे," हे म्हणाले, आणि सवयीने माझी पळी वाजली. तिघांनी वळून पाहिलं. पातेलं कोरडं ठाक होतं. धाकट्या दिराने उचललेला घास ताटात परत ठेवला.

तू काय खाणार, हे ह्यांनी तेव्हाही विचारलं नाही. दीर गेल्यावर एवढंच म्हणाले, "उद्या गवंड्याला बोलाव."