हिंगाच्या वासाचे बँड

पेजेत चिमूटभर हिंग घातला की मला अजून मद्रासचं हायकोर्ट आठवतं, आणि एकटीच असले तरी हसू येतं.

ऐंशीच्या दशकात साताऱ्याहून लग्न होऊन मी तिथल्या तंजावरी मराठी घरात आले. सासरे, म्हणजे मामंजी, निवृत्त वकील. मीही वकील; कोर्टात जाताना गळ्यात बांधायच्या माझ्या पांढऱ्या बँडना तांदळाच्या पेजेची खळ तेच द्यायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. सरकारी हुकमाविरुद्धचा माझा पहिला रिट अर्ज होता, त्या सकाळी सर्दीने नाक चोंदलेलं असतानाही इस्त्री फिरवता फिरवता त्यांनी माझी परीक्षा घेतली.

“असा हुकूम रद्द करायचा कोर्टाचा अधिकार आपल्या घटनेने कुठून घेतला?”

“अमेरिकेकडून.”

“आणि रिट?”

“इंग्लंडकडून. या उकाड्यातला काळा कोटही त्यांचाच.”

“मग आपलं काय गं त्यात?”

मी गरम गरम बँड गळ्यात बांधले आणि निघाले.

कोर्टात भीत भीतच उभी राहिले. घामाने बँड भिजले आणि घमघमाट सुटला. शेजारचे सरकारी वकील हळूच म्हणाले, “पेरुंगायम?” तमिळमध्ये पेरुंगायम म्हणजे हिंग. मला हसू आवरेना, आणि भीती कुठच्या कुठे पळाली. कोर्टाने अर्ज दाखल करून घेतला.

घरी मामंजी कुरकुरत होते, “सकाळची पेज अगदी अळणी होती.”

खळीची पेज स्वतः पिऊन त्यांनी आपली हिंग-मिठाची पेज बँडना दिली होती. मी सगळं सांगितलं तसे ते पोट धरून हसले.

“घे,” म्हणाले, “‘आपलं काय’ या सकाळच्या प्रश्नाचं उत्तर तू गळ्यात बांधूनच गेली होतीस.”