अण्णांचं औषधाचा कागद वाचणं

औषधाच्या खोक्यातून घडीचा कागद निघाला, की मला अजून लोहाऱ्यातला आमचा ओटा आठवतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. धाराशिवला नाहीतर सोलापूरला दवाखान्यात जाऊन आलेला माणूस संध्याकाळी जीपमधून उतरला, की घरी जायच्या आधी आमच्याकडं. पिशवी ओट्यावर ठेवायची आणि म्हणायचं, गुरुजी, जरा बघा बरं काय लिहिलंय. अण्णा चष्मा पुसायचे, तो पातळ कागद मांडीवर पसरायचे आणि आधी इंग्रजीतून, मग मराठीतून मोठ्यानं वाचायचे. आई सगळ्यांना चहा आणायची. काय सुखाच्या संध्याकाळी होत्या त्या! आता लोक मोबाईलवर बघतात आणि एकेकटे घाबरतात.

पण अण्णा म्हणजे एक ओळ गाळणार नाहीत. वर्गात धड्यातली ओळ गाळणाऱ्या पोराचा कान पिळणारा माणूस तो. मळमळ, चक्कर, पायांना सूज, क्वचित यकृताला इजा, सगळं खणखणीत वाचायचे. त्यातलं 'क्वचित' कुणाच्या कानात शिरायचं नाही. चहा संपेपर्यंत समोरचा निम्मा खचलेला. शेजारच्या काकांनी तर शुगरची गोळी परस्पर बंद केली. मग गावातल्या डॉक्टरांनी निरोप धाडला, की गुरुजींनी कृपा करून धडे तेवढे वाचावेत. अण्णा उखडले. म्हणाले, छापलेलं लपवायला मी काय चोर आहे?

पुढं आईलाच शेगडीपुढं भोवळ आली. तपासलं तर रक्तदाब भलताच वाढलेला. धाराशिवच्या डॉक्टरांनी बजावलं, रोज गोळी घ्यायची, जन्मभर. नाहीतर अर्धांग कधीही होईल. आईनं मान डोलावली आणि घरी येऊन गोळ्या देवाच्या तसबिरीमागं ठेवून दिल्या. घेईचना. मी धाराशिवला सासरी होते, कळताच एसटीनं धावत गेले, रागावले, रडले, नातवंडांची शपथ घातली. ती ढिम्म. म्हणाली, चहा देता देता मी सगळे कागद ऐकलेत बाई, मला धडधाकट मरू दे.

माझं डोकंच फिरलं. ओट्यावर जाऊन अण्णांना तोंडावर सुनावलं, हे सगळं तुमच्या वाचण्यानं झालंय, आता तुम्हीच निस्तरा.  ते रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आई भाकरी थापत होती. अण्णा खोकं घेऊन स्वयंपाकघरात आले आणि तिच्याशेजारी खालीच बसले. कागद उलगडला.

"ही गोळी रक्तदाब कमी करते," त्यांनी वाचलं. "रोज एक, पाण्याबरोबर घ्यावी."

आणि कागदाची घडी घातली.

मी बघतच राहिले. कागद बारीक अक्षरांनी गच्च भरलेला मला दिसत होता. अण्णांनी ओळ गाळली होती. ओळ कसली, जवळजवळ अख्खा कागद.

आईचा हात पिठातच थांबला. "संपलं?"

"संपलं."

"मला इंग्रजी येत न्हाय, पण डोळे हायेत. दोन्हीकडनं भरलाय तो."

अण्णा खाली मान घालून बसले. डोळे भरून आले होते, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. आई बराच वेळ त्यांच्याकडं बघत होती. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी कुणी उलटली नाही.

मग तिनं पिठाचे हात पदराला पुसले.

"एवढं भ्यालात व्हय तुम्ही," ती म्हणाली. "मग आणा हिकडं ती गोळी."