कानाच्या खोलीतली माणसं

आमच्याकडे किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्याशी घरचे मोठ्यानं बोलतात, आणि तोही मोठ्यानंच उत्तर देतो. त्यामुळे कोणाची सून रुसली, कोणाच्या पोराचं लग्न कुठे अडलं, हे सगळं भिंतीपलीकडे ऐकू येतं! मी वर्ध्याच्या एका दवाखान्यात कानांची तपासणी करते. सोळा वर्षं झाली.

पेशंटची नावं पुकारायचं काम आमच्या वंदनाताईंकडे. ताई सांगतात, "पहिल्यांदा नाव पुकारलं की कोणीच उठत नाही. दुसऱ्यांदा ओरडलं की सगळेच उठतात!"

*

मी नवीन होते तेव्हा आमच्या मोठ्या डॉक्टरांनी माझ्या दोन्ही कानांत बोळे घातले आणि म्हणाले, "जा, बाजारातून भाजी घेऊन ये."

मी गेले. भाजीवाली काहीतरी बोलली. मी विचारलं, "काय?" ती पुन्हा बोलली. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा मात्र लाज वाटली. मागे लोक खोळंबले होते. मी नुसती हसले, मान हलवली आणि तिनं दिलं ते पिशवीत घेऊन आले.

डॉक्टरांनी माझे बोळे काढले आणि पिशवीत पाहिलं. "कारली? तुला आवडतात?"

"नाही हो सर, अजिबात नाही!"

"मग हसलीस कशाला?"

मी पिशवी पाठीमागे लपवली. तेव्हा ते म्हणाले, "लक्षात ठेव. जो पेशंट नुसता हसून मान हलवतो ना, त्याला काहीही ऐकू आलेलं नसतं."

पुस्तकात इतकं सोपं करून कोणी लिहिलेलं नाही. आजही समोरचा हसला की मी प्रश्न पुन्हा विचारते. ओरडून नाही, समोर बसून, सावकाश.

*

हिंगणीचे एक काका आले. पाच महिन्यांपासून डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, उजव्यानंही जेमतेमच. कान खाजला की हे मोटारसायकलची चाबी घालून कोरायचे. त्यानं मळ बाहेर येण्याऐवजी आत आत ठासला गेला. दोन्ही कानांची दारंच बंद!

डॉक्टरांनी आधी थेंब देऊन मळ मऊ केला, मग चार दिवसांनी काढला. काकू शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी रोजच्या सवयीनं विचारलं, "आलं का ऐकू?"

काका दचकले. "अवं, इतक्या जोरात काऊन बोलून राह्यली?"

काकूंनी डॉक्टरांना हात जोडले. "पाच महिने घसा फाडून राह्यली मी. आज याहीले जोरात वाटलं! लय उपकार झाले जी!"

चाबी काकूंनी तिथेच काढून घेतली. हिंगणीपर्यंत गाडी काकांनी ढकलत नेली का काय, देव जाणे!

*

कारंज्याकडचे एक ट्रक ड्रायव्हर. तीस वर्षं हायवेवर. इंजिनाची घरघर आणि उजव्या खिडकीतून येणारे हॉर्न. तक्रार काय, तर "मॅडम, आवाज येते, पण शब्द नाई समजत. नात फोनवर बोलते, मी नुसता हो हो करतो."

तपासलं तर जाड आवाज ठीक, बारीक आवाज गेलेले. त्यांनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय झालं?"

मी सांगितलं, "आवाज पडद्यावर आदळतो. पडद्यामागे तीन इवलीशी हाडं आहेत, ती त्याला आत ढकलतात. आत शंखासारखी नळी आहे, पाण्यानं भरलेली. तिच्यात बारीक केसांच्या पेशी असतात. वाऱ्यानं गहू डोलावा तशा त्या डोलतात आणि मेंदूला निरोप जातो. पण वर्षानुवर्षं फार जोराचा आवाज सोसला तर त्या आडव्या पडतात. पुन्हा उगवत नाहीत."

त्यांनी कानावरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे मॅडम, माह्या कानात गारपीट झाली."

ऐकायचं मशीन लागलं. उरलेल्या पेशींच्या भरवशावर नातीचे शब्द कळायला लागले. तीन महिन्यांनी दारात चार ड्रायव्हर उभे. त्यातला पुढचा म्हणाला, "ढाब्यावर दादानं सांगितलं. आमचं पीक उभं आहे का, तेवढं पाहून द्या!"

दोघांचं उभं होतं. त्या दोघांनी तिथेच ठरवलं, हॉर्न कमी आणि काच वर.

*

पिपरी मेघेचे गजभिये गुरुजी निवृत्त शिक्षक. वयोमानानं जसे डोक्यावरचे केस विरळ होतात, तशा त्यांच्या कानातल्या पेशी विरळ झालेल्या. पण गुरुजी मानायला तयार नव्हते. मुलीनं जवळजवळ ओढूनच आणलं. मशीन लावून गेले आणि आठ दिवसांनी एकटेच परत आले. चेहरा उतरलेला.

"मशीन टोचतं का गुरुजी?"

"मशीन चांगलं आहे. मीच वाईट आहे."

मग सांगायला लागले. शेजारचे रामटेके त्यांचे जुने मित्र. रोज सकाळी फिरायला जाताना गुरुजी त्यांच्या फाटकाबाहेरून जय भीम करायचे. हळूहळू रामटेक्यांचं उत्तर येईनासं झालं. गुरुजींना राग आला. एवढा काय माज! त्यांनी बोलणं सोडलं. दीड वर्षं. रामटेक्यांच्या नातवाच्या नामकरणालाही गेले नाहीत.

मशीन लागल्यावर फाटकापाशी सहज थांबले, जुन्या सवयीनं जय भीम म्हणाले. आतून, झाडांना पाणी देता देता, पाठमोऱ्या रामटेक्यांचा बारीक आवाज आला, "जय भीम, गुरुजी."

गुरुजी फाटक उघडून आत गेले. "पहिले काऊन उत्तर नाई दिलं?"

"रोजच देत होतो गा! तुम्हीच नंतर यायचे बंद झाले."

एवढं सांगून गुरुजींनी चष्मा पुसला. म्हणाले, "दोघं बसून रडलो, मॅडम. मग चहा घेतला. उद्या त्यालेही तपासायले आणतो. आता तो माझं ऐकत नाई!"

*

आणि ही अडीच वर्षांची परी. आई शेतमजूर, एकटी एसटीनं घेऊन आली. घरचे सगळे म्हणत, काही लेकरं उशिरा बोलतात. हिनं मात्र पोरीच्या पाठीमागे स्टीलचं ताट आपटून पाहिलं होतं. पोरीनं वळून पाहिलं नाही. तपासणीत कळलं, जन्मापासूनच फार थोडं ऐकू येतं.

मशीन बसवायच्या दिवशी परीनं दवाखाना डोक्यावर घेतला. कानात मशीनचा मऊ साचा घातला की भोकाड! आईनं हातात बिस्किट दिलं, तरी रडणं चालूच. मी कशीबशी दोन्ही मशीनं बसवली आणि सुरू केली.

परी एकदम थांबली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पुन्हा हुंदका आला, पुन्हा थांबली. खोलीत कोण रडतंय ते ती शोधत होती.

आईनं हळूच हाक मारली, "परी..."

परी वळली.

आईनं तोंडाला पदर लावला. वंदनाताई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. परीनं दोघींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या ओल्या गालाकडे निरखून पाहिलं. आईच्या मांडीवरून उतरली, माझ्याजवळ आली आणि हातातलं अर्धं, ओलं झालेलं बिस्किट माझ्या तोंडापुढे धरलं.

मी खाल्लं.