समासातला इतिहास

रत्नागिरीत मी इतिहास शिकवायचो. म्हणजे दुसऱ्यांनी ठरवलेला इतिहास पोरांच्या गळी उतरवायचो. इंग्रजीतलं जाडजूड पुस्तक होतं, साऱ्या जगाचा इतिहास म्हणे त्यात. रोम बुडालं की पुढची कित्येक शतकं एका वाक्यात उरकलेली: हा काळ अंधाराचा होता. पान उलटलं की एकदम लख्ख उजेड, छापखाने, गलबतं आणि साहेबाचे पूर्वज. ते वाक्य मी दरवर्षी वाचून दाखवायचो आणि एकही शिंचा मान वर करून काही विचारत नसे.

विचारलं ते मौलवीसाहेबांनी. ते आमच्याच शाळेत फारसी शिकवायचे. त्यांच्या आणि माझ्या वर्गात नुसत्या फळ्यांची भिंत होती, त्यामुळे माझा आरडाओरडा त्यांना रोज ऐकू जायचा. एकदा मधल्या सुट्टीत ते आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, इतकी शतकं अंधार होता म्हणता. मग जुन्या ग्रीकांची पुस्तकं पुढच्यांना सापडली कुठे? मधल्या काळात दिवा धरून कोण बसलं होतं?"

मला राग आला. मला राग यायला फारसं काही लागत नाही. तरी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मीच त्यांच्या वर्गात जाऊन बसलो. मग ते रोजच सांगू लागले. बगदादेत ग्रीकांची वैद्यकी आणि भूमिती अरबीत कशी उतरवली, आपल्याकडचे आकडे तिथे कसे पोचले, त्या लोकांनी नुसतं उतरवून न घेता चुका कशा दुरुस्त केल्या, आणि मग स्पेनमार्गे ते सगळं लॅटिनात कसं गेलं. मंगोलांनी बगदाद लुटलं तेव्हा ग्रंथ नदीत फेकले आणि शाईनं पाणी काळं झालं, असं सांगतात. स्पेनातलं ग्रनाडा जिंकणाऱ्यांच्या पाद्र्यांनी तिथल्या चौकात अरबी पुस्तकांची होळी केली. मी हळहळलो, तर म्हणाले, थांबा, नुसते परके नव्हेत, स्पेनमध्ये आमच्याच एका सत्ताधाऱ्यानं धर्मपंडितांना खूश करायला राजाचं ग्रंथालय चाळून पुस्तकं जाळली. हे सांगताना त्यांचा आवाज बसायचा.

त्यांचं घर भाट्याच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात होतं. पूर्वजांची गलबतं बसऱ्याला जायची. बाकीचे येताना खजूर आणायचे, ह्यांच्या आज्यानं पुस्तकं आणली. अरबी-फारसीतली, वैद्यकीची, ताऱ्यांची, गणिताची, बरीचशी हातानं नकललेली. माळ्याखालच्या खोलीत फळ्यांवर ती रचलेली होती. घरात सक्त शिस्त: हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही, त्या भिंतीकडे पाय करायचे नाहीत. समजून वाचणारे मात्र ते एकटेच. मुलगा बोटीवर खलाशी, वर्षाकाठी कधीतरी घरी यायचा. सून कुराण इतकं गोड म्हणायची की खाडीवरून जाणारे थांबायचे, पण अर्थ तिला कुणी सांगितलेला नव्हता. मौलवीसाहेबांना एकच घोर लागला होता, आपल्यामागे ही पुस्तकं वाचणाऱ्याच्या हाती पडावीत. दुसरं काही त्यांनी कधी मागितलं नाही.

पुढे शाळेनं फारसीचा वर्ग बंद केला. मुलं संस्कृत घेतात, म्हणे. मौलवीसाहेबांना हार घातला, नारळ दिला आणि वाटेला लावलं. मी हेडमास्तरांशी भांडलो, तर त्यांनी मला माझी मराठी सुधारायला सांगितली.

मग मी गावातल्या एका वाचनालयाच्या मंडळींकडे गेलो. पुस्तकं फुकट मिळताहेत, एक कपाट द्या, इतकंच मागणं. गावात तेव्हा कोण आपलं आणि कोण परकं ह्याच्याच सभा चालायच्या. एक म्हणाले, वाळवी लागेल. दुसऱ्यांनी विचारलं, ह्यात आमच्या कामाचं काय आहे? तिसरे सुपारी कातरत म्हणाले, मास्तर, तुम्ही सुंता कधी करून घेताय? सगळे हसले. शिकलेले, उपरण्यातले, चांगल्या घरचे लोक होते हो ते. मी काय बोललो ते इथे लिहिण्याजोगं नाही, पण त्यानंतर मला तिथे वर्तमानपत्रसुद्धा वाचायला मिळालं नाही. मौलवीसाहेबांना मी एवढंच सांगितलं की जागा नाही. त्यांना कळायचं ते कळलं.

शेवटी मुंबईच्या एका ग्रंथसंग्रहाकडून होकाराचं पत्र आलं. पेट्या आगबोटीनं पाठवा, आम्ही सांभाळू. मौलवीसाहेबांनी ते दोनदा वाचून घेतलं, डोळे पुसले आणि भलताच हट्ट धरला. म्हणाले, पेट्या नारळी पौर्णिमेनंतरच्या बोटीनं जाऊ देत, तोवर पुस्तकं मला हवीत. माझं ते शाळेचं पुस्तक त्यांनी मागून घेतलं होतं. त्याच्या रुंद समासात, जिथे जिथे खोटं किंवा अर्धवट होतं तिथे तिथे, ते खरं काय ते लिहीत होते, आपल्या ग्रंथांतून एकेक गोष्ट पडताळून. लिहीत होते उर्दूत, अरबीच्याच उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या अक्षरांत. सुट्टीनंतर ते वाचून दाखवणार आणि मी मराठीत उतरवून घेणार, असं ठरलं होतं. अंधाराच्या त्या वाक्याशेजारची जागा तर वरपासून खालपर्यंत भरली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला शाळा लवकर सुरू व्हावीशी वाटत होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी संगमेश्वराकडे माझ्या गावी गेलो. मिरगाच्या तोंडाला परत आलो आणि सामान टाकून थेट मोहल्ल्यात गेलो. दारातच कळलं, मौलवीसाहेब गेले. मी निघालो त्यानंतर थोड्याच दिवसांत तापानं गेले होते. मुलगा समुद्रावर, त्याला अजून पत्ता नव्हता. मी पायरीवर बसलो. सुनेनं पडद्याआडून पाणी पाठवलं.

पाणी पिऊन मी पुस्तकांचं विचारलं. ती म्हणाली, काळजी करू नका मास्तर, सगळं रीतीनं झालं.

अल्लाचं नाव ज्या अक्षरांत लिहितात, त्या अक्षरांचा जीर्ण कागद त्या मोहल्ल्यात केरात जात नाही, चुलीत जात नाही. आपण निर्माल्य सोडतो तसा तो पाण्यात सोडतात. छप्पर गळकं होतं, पानं सुटत होती, पावसात भिजून ती पायदळी आली असती तर बावांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, आत्म्याला काय वाटलं असतं? मुंबईचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बायकांना कसलं सांगायचं, अशीच मौलवीसाहेबांचीही समजूत. तिनं चार वडीलधाऱ्यांना विचारलं. त्यांनाही कुराण कुठलं आणि काढ्यांचं पुस्तक कुठलं ते ओळखता येत नव्हतं. सगळीच अक्षरं पाक. नवी मांजरपाटाची कापडं आणली, अत्तर शिंपडलं, गाठोड्यांना दगड बांधले आणि मिरगासाठी होड्या वर ओढायच्या आत खाडीच्या मुखाबाहेर खोल पाण्यात सोडली. एकही पान किनाऱ्याला लागलं नाही, हे तिनं अभिमानानं सांगितलं. मी तिला शाबासकी द्यायला हवी होती.

मला ओरडायचं होतं. कुणावर? सुपारी कातरणाऱ्यावर, हेडमास्तरांवर, भिंतीकडे पाय करू नका एवढंच शिकवून गेलेल्या त्या म्हाताऱ्यावर. मंगोलांचा निदान राग तरी करता येतो. इथे एक बाई सासऱ्यांची आठवण काढून रडत होती आणि जे केलं ते मायेनंच केलं होतं.

उठलो तेव्हा ती म्हणाली, तुमची ठेव तेवढी राहिली आहे. पडद्याखालून माझं पुस्तक पुढे आलं. ते इंग्रजी, म्हणून पाण्यात गेलं नव्हतं. मी ते झडप घालून घेतलं. आता हेच सगळं, असं मनाशी म्हणत पान उघडलं.

पुस्तक अरुंद झालं होतं. प्रत्येक पानाच्या कडा कात्रीनं कापलेल्या होत्या. सरळ, नीट, शिवणकाम जाणणाऱ्या हातानं.

"कडेला बावांचं लिहिणं होतं. ते पण कापडात बांधून सोडलं," ती म्हणाली. "तुमचं छापलेलं एक अक्षर कापलं नाय, मास्तर. बघून घ्या."

मी अंधाराचं पान काढून बघितलं. एक अक्षर कापलेलं नव्हतं.